जळकोटवरून जाणारी प्रकाशाची किल्ली

पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यावरून निघाला तर लातूरच्या गंजगोलाईवर पोचायला त्याला पंधरा सेकंदांच्या आसपास लागतात. बालाघाटच्या डोंगरातलं जळकोट तेवढ्यात त्याच्या एका अंगाला येऊन मागेही पडलेलं असतं. इतक्या घाईतला उपग्रह जमिनीवरच्या मीटरभर रुंद दुर्बिणीवर नेम धरून प्रकाशाचे सुटे कण सोडू शकतो. या कणांतून दोन शहरांना एक गुप्त किल्ली मिळते, आणि वाटेत कुणी ती चोरून पाहिली तर तेही लगेच कळतं.

याचं नाव क्वांटम संदेशवहन. शहराच्या आत ऑप्टिकल फायबरचं जाळं आणि शहराशहरांमध्ये उपग्रहाचा पूल, अशी त्याची मांडणी आहे. चीनने ती करून दाखवली, युरोप तयारीत आहे आणि भारताने 2023 मध्ये त्यासाठी पैसे मंजूर केले. यात बंगळुरू येतं, व्हिएन्नाची गटारं येतात, जुन्नर तालुका येतो आणि मराठवाड्यातलं औंढा नागनाथही येतं.

माहूरच्या पोथ्या आणि बोटांचे ठसे

महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले होते. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह, अशी त्यांची रचना. नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे या पंथाचं मोठं श्रद्धास्थान. पोथी समोर उघडी असली तरी बाहेरच्या माणसाला तिच्यातलं एक वाक्य लागत नसे, आणि हे शतकानुशतकं चाललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली आणि जुन्या मराठी गद्याचं अख्खं भांडार खुलं झालं. मराठीचं त्यात भलं झालं. पण गुप्ततेच्या बाजूने पाहिलं तर एक किल्ली गेली आणि सगळं गेलं.

आजची बँक, यूपीआय, आधार यांची कुलपं गणिताची आहेत. प्रचंड मोठ्या संख्येचे मूळ अवयव शोधायला संगणकाला अतोनात वेळ लागतो, यावर त्यातली बरीच उभी आहेत. पीटर शोर या गणितज्ञाने 1994 मध्ये दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर हेच काम झपाट्याने होईल. असा संगणक अजून बनलेला नाही. पण चोराला थांबायची तयारी असते. आज कुलूपबंद माहिती उचलायची, साठवून ठेवायची आणि संगणक आला की उघडायची.

देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पासवर्ड बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. जी माहिती माणसाला आयुष्यभर पुरते, तिची गुप्तताही आयुष्यभर टिकायला हवी.

समुद्रात सुचलं, बंगळुरूत मांडलं

अमेरिकेचे चार्ल्स बेनेट आणि कॅनडाचे जिल ब्रासार्ड यांची पहिली गाठ 1979 मध्ये प्वेर्तो रिकोच्या समुद्रात पोहताना पडली. ब्रासार्ड पोहत होते, बेनेट पोहत त्यांच्याजवळ आले आणि थेट क्वांटम नोटांबद्दल बोलू लागले. ज्यांची नक्कल करताच येणार नाही अशा नोटा! ही मूळ कल्पना स्टीफन वीस्नर यांची. त्यांनी ती 1970 च्या सुमारास लिहून काढली, पण छापून यायला 1983 साल उजाडलं.

त्या पोहण्यातून जी पद्धत जन्मली तिला आज जग बीबी84 म्हणतं. दोन्ही बी त्या दोघांच्या आडनावांचे आणि 84 हे साल. तो निबंध जगापुढे आला डिसेंबर 1984 मध्ये, बंगळुरूला भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत. जगभरच्या प्रत्येक क्वांटम जाळ्याच्या कुळकथेत एका भारतीय शहराचं नाव आहे, आणि हे आपल्याच मुलांना कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

पद्धत समजायला अवघड नाही. प्रकाशाच्या कणाला म्हणतात फोटॉन. त्याचं कंपन उभं, आडवं किंवा दोन दिशांनी तिरपं असू शकतं. पाठवणारा दर वेळी या चारांतली एक स्थिती यदृच्छेने निवडतो. घेणाराही यदृच्छेनेच ठरवतो की हा फोटॉन उभ्या-आडव्या चाळणीतून तपासायचा की तिरप्या. नंतर दोघं साध्या फोनवर फक्त चाळण्या जुळवतात, उत्तरं सांगत नाहीत. साधारण निम्म्या वेळा चाळणी जुळते. तेवढीच उत्तरं ठेवायची, बाकीची टाकून द्यायची. उरलेली शून्य-एकांची माळ म्हणजे किल्ली.

मध्ये कुणी फोटॉन पकडून पाहिला आणि पुन्हा पुढे सोडला, तर त्यालाही चाळणी अंदाजानेच निवडावी लागते. त्याची निवड निम्म्या वेळा चुकते आणि जुळलेल्या उत्तरांपैकी जवळजवळ पाव भाग बिघडतो. दोघांनी थोडी उत्तरं उघड ताडून पाहिली की चोरी उघडकीस. फोटॉनची नक्कल करून मूळ तसाच पुढे पाठवायची सोय निसर्गाने ठेवलेलीच नाही. 1982 मध्ये हे गणिताने सिद्ध झालं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. या मार्गाने तुमचा संदेश जात नाही, जाते ती फक्त किल्ली. त्या किल्लीने बंद केलेला संदेश नेहमीच्या इंटरनेटवरूनच प्रवास करतो.

पहिला पल्ला: एक वीत आणि वर थोडं

1989 मध्ये या पद्धतीचा पहिला प्रयोग झाला तेव्हा फोटॉन टेबलावरच सुमारे 30 सेंटीमीटर गेले. यंत्राचा वीजपुरवठा इतका आवाज करायचा की कोणत्या स्थितीतला फोटॉन निघाला हे नुसत्या आवाजावरून ओळखता यायचं. बहिऱ्या चोरापासून मात्र किल्ली पूर्ण सुरक्षित आहे, असं ते संशोधक हसत सांगत. त्या हसण्यातला धडा मोठा होता. सिद्धान्त कितीही पक्का असला तरी यंत्र बोलकं असेल तर गुपित फुटतं. आजही या क्षेत्रातल्या हल्ल्यांचे प्रयोग भौतिकशास्त्राच्या नियमांना हात लावत नाहीत, ते यंत्रांच्या कच्च्या दुव्यांवर होतात.

गटारातून गेलेले तीन हजार युरो

21 एप्रिल 2004. व्हिएन्नाच्या महापालिकेतून एका बँकेला 3000 युरो पाठवले गेले. व्यवहाराची किल्ली क्वांटम पद्धतीने तयार झाली होती आणि तिचा फायबर शहराच्या सांडपाण्याच्या भुयारांतून ओढला होता, लांबी जेमतेम दीड किलोमीटर. त्यामागचे शास्त्रज्ञ होते आंतोन त्साइलिंगर. पुढे 2022 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

2007 मध्ये स्वित्झर्लंडच्या जिनिव्हाने निवडणुकीच्या मतमोजणीची माहिती क्वांटम किल्लीने बंद करून पाठवली. त्याआधी 2003 पासून अमेरिकेतल्या बॉस्टनला, नंतर 2008 मध्ये पुन्हा व्हिएन्नाला आणि 2010 मध्ये टोकियोत शहरभर पसरलेली जाळी चालवून झाली. शहरापुरता प्रश्न सुटला होता. अडचण शहराबाहेर पडल्यावर होती.

पुण्याहून एक कोटी निघाले, जळकोटला पोचला एक

ऑप्टिकल फायबरची काच कितीही शुद्ध असली तरी प्रकाश वाटेत गळतो. उत्तम फायबरमध्ये 50 किलोमीटरनंतर शंभरातले दहा फोटॉन उरतात आणि 100 किलोमीटरनंतर एक. जळकोट ते पुणे हे हवाई अंतर साधारण 350 किलोमीटर आहे. फायबर अगदी सरळ रेषेत टाकला असं धरलं तरी पुण्याहून निघालेल्या एक कोटी फोटॉनपैकी जळकोटला पोचेल फक्त एक. रस्त्याने वळसे घेत टाकलेल्या केबलमध्ये तोही हरवेल. हजार किलोमीटरचा फायबर टाकून सेकंदाला हजार कोटी फोटॉन सोडले, तरी पलीकडे एक फोटॉन उगवायला तीनशे वर्षं लागतील.

नेहमीच्या इंटरनेटला ही अडचण येत नाही, कारण वाटेत ठिकठिकाणी यंत्रं बसवून प्रकाश पुन्हा वाढवता येतो. क्वांटम किल्लीत ती सोय नाही. प्रकाश वाढवणं म्हणजे फोटॉनच्या प्रती काढणं, आणि प्रत काढता येत नाही म्हणून तर ही किल्ली सुरक्षित आहे! तिचं बळ हीच तिची मर्यादा.

चीनने यावर सरळ उपाय केला. बीजिंग ते शांघाय या 2000 किलोमीटरच्या मार्गावर 32 ठाणी उभारली. प्रत्येक ठाण्यावर किल्ली उघडायची आणि पुढच्या टप्प्यासाठी नव्याने बंद करायची. पण म्हणजे 32 ठिकाणी पहारा आला आणि 32 ठिकाणच्या माणसांवर विश्वास ठेवणं आलं. शिवाय जमिनीतल्या केबलचं नशीब आपल्याला ठाऊक आहे. रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला की तालुक्याचं इंटरनेट बसतं.

आकाशाचा हिशोब वेगळा आहे. वातावरणाचा दाट थर जेमतेम दहा किलोमीटरचा. त्याच्या वर पोकळी, आणि पोकळीत प्रकाश गळत नाही. अंतर वाढेल तसा झोत पसरतो एवढंच.

माइसियसची रात्रपाळी

16 ऑगस्ट 2016 रोजी चीनने जगातला पहिला क्वांटम संदेशवहन उपग्रह सोडला. वजन सहाशे किलोंहून जास्त, उंची 500 किलोमीटर. नाव मोझी ऊर्फ माइसियस. हा इसवी सनापूर्वीचा चिनी तत्त्ववेत्ता. लहान छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाची प्रतिमा उलटी पडते हे त्याच्या पंथाच्या ग्रंथात नोंदवलेलं आहे.

हा उपग्रह काम करायचा मध्यरात्रीच्या सुमारास. दिवसा सूर्याचे फोटॉन इतके असतात की त्यांत किल्लीचा एकटा फोटॉन ओळखू येत नाही. एका ठाण्यावरून जाताना त्याच्या हातात पाचेक मिनिटं असत. त्याचा झोत 1200 किलोमीटर अंतरावर पोचेपर्यंत बारा मीटर रुंद होई आणि खाली झेलायला होती एक मीटरची दुर्बीण. बरेचसे फोटॉन जमिनीवर सांडत. तरीही तितक्याच लांबीच्या फायबरपेक्षा हा मार्ग एकावर वीस शून्यं इतक्या पटीने सरस ठरला.

29 सप्टेंबर 2017 रोजी बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यात 75 मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला. अंतर 7600 किलोमीटर. एका टोकाला चिनी विज्ञान अकादमीचे अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रियन अकादमीचे अध्यक्ष, म्हणजे गटारातल्या फायबरचे तेच त्साइलिंगर. या उपग्रहाचे प्रमुख शास्त्रज्ञ पान जियानवेई हे त्यांचेच विद्यार्थी, पीएचडी व्हिएन्नाची. त्या संपूर्ण कॉलला किल्ली लागली फक्त 70 किलोबाइट, मोबाइलमधल्या एखाद्या लहानशा फोटोएवढी. कॉलच्या आधी चाचणी म्हणून दोन चित्रं पाठवली गेली होती. बीजिंगहून गेलं माइसियसचं, व्हिएन्नाहून आलं भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरचं.

इतक्या लांबच्या दोन शहरांना एकच उपग्रह एकाच वेळी दिसत नाही. मग किल्ली सामाईक कशी झाली? उपग्रहाने चीनवरून जाताना एक किल्ली तिथल्या ठाण्याशी तयार केली. नंतर ऑस्ट्रियावरून जाताना दुसरी. मग दोन्ही किल्ल्यांची बिटांची बेरीज करून ती उघडपणे रेडिओवर सांगून टाकली. ज्याच्याकडे एक किल्ली आहे त्याला बेरजेवरून दुसरी काढता येते. ज्याच्याकडे एकही नाही त्याला ती बेरीज निरुपयोगी. शहराचं जाळं उपग्रहाला जोडायचं म्हणजे मुख्यतः हेच. दुर्बिणीपाशी उतरलेली किल्ली शहरातल्या फायबरच्या जाळ्यात याच बेरजेने पुढे सरकते, बँकेपर्यंत किंवा वीज कंपनीपर्यंत. 2021 मध्ये चीनने जाहीर केलेल्या एकत्रित जाळ्यात सातशेहून जास्त फायबर दुवे आणि दोन उपग्रह दुवे होते. एकूण पल्ला 4600 किलोमीटर.

पण या पद्धतीत दोन्ही किल्ल्या उपग्रहाला ठाऊक असतात. उपग्रहाच्या मालकावर भरवसा नसेल तर? त्याचंही उत्तर आहे. एकमेकांशी गुंतलेल्या फोटॉनची जोडी तयार करायची आणि एक फोटॉन एका शहराला, दुसरा दुसऱ्या शहराला द्यायचा. किल्ली त्या दोन टोकांनाच कळते, जोडी सोडणाऱ्या उपग्रहालाही कळत नाही. 2020 मध्ये 1120 किलोमीटर अंतरावर हे साधलं. वेग होता सेकंदाला 0.12 बिट. 128 बिटांची एक किल्ली जमवायला अठरा मिनिटं. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत थक्क करणारा आकडा हाच. वेग गोगलगायीचा, पण मधल्या कुणावरही विश्वास ठेवायची गरज नाही!

पुढचा उपग्रह जिनान-1 हा जुलै 2022 मध्ये गेला तो शंभर किलोंच्या आतबाहेरचा. त्याचं जमिनीवरचं ठाणंही तेवढ्याच वजनाचं. बीजिंग आणि दक्षिण आफ्रिकेतलं स्टेलनबॉश ही 12,900 किलोमीटर दूरची शहरं त्याने जोडली. 2025 मध्ये त्याचा निबंध आला. जे ठाणं पूर्वी वेधशाळेत असायचं ते आता छोट्या टेम्पोत मावतं. लहान गावांच्या दृष्टीने ही बातमी अंतराच्या विक्रमापेक्षा मोठी आहे.

स्फोटातून वाचलेली डबी

सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी गुंतलेल्या फोटॉनसाठीचा एक इवलासा स्रोत बनवून छोट्या उपग्रहात बसवला. 28 ऑक्टोबर 2014 रोजी त्याचं अँटारेस रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांतच फुटलं. ढिगाऱ्यात तो उपग्रह सापडला. उघडून पाहिलं, तर आतला प्रकाशस्रोत चालू स्थितीत!

त्याच घराण्यातलं पुढचं यंत्र 16 डिसेंबर 2015 रोजी अंतराळात पोचलं आणि तिथे नीट चाललं. ते नेणारं रॉकेट होतं आपलं पीएसएलव्ही, श्रीहरिकोट्याहून. माइसियसच्या आठ महिने आधी. 2019 मध्ये याच मालिकेतल्या स्पूकी-1 या 2.6 किलो वजनाच्या उपग्रहाने कक्षेत गुंतलेले फोटॉन तयार करून दाखवले.

दिव्यांची ओळ, बिदरपासून वर

प्रकाशाने निरोप द्यायची आपल्या पट्ट्याला सवय जुनी आहे. भारताच्या महासर्वेक्षणाची मुख्य रेषा, ग्रेट आर्क, बिदरजवळच्या दमरगिड्डा ठाण्यावरून उत्तरेला सिरोंजकडे गेली, ती नांदेड जिल्ह्याच्या पूर्व अंगाने. जॉर्ज एव्हरेस्ट यांची माणसं दिवसा आरशाने ऊन परावर्तित करून आणि रात्री दिवे व निळ्या ज्योती पेटवून एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीला खूण करत. त्यांचे वरिष्ठ विल्यम लॅम्ब्टन हे काम करता करता 1823 मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे.

शहर आणि उपग्रह जोडण्याचा पहिला मोठा मानही महाराष्ट्राचाच. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी इथे देशाचं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं आणि 1972 मध्ये त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. परदेशचे फोन तिथल्या अजस्र डिशवरून हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे जात. त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या डिश आहेत. एकूण तीस डिश, आणि सगळ्या ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या. जवळच गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेची दोन मीटरची दुर्बीण. आकाश झेलायची यंत्रं आणि काचेचे तंतू एकत्र चालवायचं कसब या राज्यात पन्नास वर्षांचं आहे.

अहमदाबादचे तीनशे मीटर

भारताची वाटचाल अंतरांच्या आकड्यांतच सांगता येईल. डिसेंबर 2020 मध्ये डीआरडीओने हैदराबादच्या आपल्या दोन प्रयोगशाळांमध्ये 12 किलोमीटरच्या फायबरवर किल्ली पाठवली. फेब्रुवारी 2021 मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत उर्बसी सिन्हा यांच्या गटाने दोन इमारतींमध्ये उघड्या हवेतून 50 मीटर गाठले. मार्च 2021 मध्ये इस्रोने अहमदाबादला 300 मीटर, तेही रात्री. दोन्ही बाजूंची घड्याळं जुळवायला आपली नाविक ही स्वदेशी दिशादर्शन यंत्रणा वापरली आणि किल्लीने बंद केलेला व्हिडिओ कॉलही केला. फेब्रुवारी 2022 मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल हे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर नेहमीच्या व्यापारी फायबरवर पार केलं. जून 2025 मध्ये आयआयटी दिल्लीच्याच आवारात गुंतलेल्या फोटॉनने मोकळ्या हवेतून एक किलोमीटर, सेकंदाला सुमारे 240 बिट वेगाने.

चीनच्या 12,900 किलोमीटरपुढे हा एक किलोमीटर छोटा वाटेल. पण झेप नेहमी इथूनच होते. त्साइलिंगर यांच्या गटाने 2007 मध्ये कॅनरी बेटांवर 144 किलोमीटर हवेतून फोटॉन पाठवले, तेव्हा उपग्रहाची वाट मोकळी झाली. एवढ्या जाड हवेतून फोटॉन शाबूत जातात, तर सरळ वर दहा किलोमीटरच्या हवेची काय कथा?

19 एप्रिल 2023 रोजी केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. रक्कम 6003.65 कोटी, मुदत 2030-31 पर्यंत. त्यात नेमकं हेच लिहिलंय: देशातल्या दोन ठाण्यांना उपग्रहामार्गे 2000 किलोमीटरवर सुरक्षित जोडायचं, आणि शहराशहरांतही फायबरवरून 2000 किलोमीटर गाठायचे. संदेशवहनाचं केंद्र आयआयटी मद्रास, संवेदकांचं आयआयटी मुंबई. पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं वेगळं केंद्र त्याआधीपासून आहे.

पुण्यातल्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने 2022 मध्ये क्वांटम यदृच्छ संख्या बनवणारं यंत्र जाहीर केलं. वेग सेकंदाला सुमारे दीड लाख बिट. वर सांगितलेल्या पद्धतीत पाठवणारा आणि घेणारा यांची निवड खरोखर यदृच्छ हवी, नाहीतर सगळा डोलारा कोसळतो. माणसाला यदृच्छ निवडता येत नाही, साध्या संगणकालाही नाही. फोटॉनला येतं. तेव्हा किल्लीच्या पायाचा एक दगड पुण्यात घडतोय.

ढग हा खरा शत्रू

उपग्रहाच्या किल्लीला चोरापेक्षा ढग जास्त नडतो. रामन संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी लडाखचं हनले, राजस्थानचं माउंट अबू आणि उत्तराखंडचं नैनीताल ही ठिकाणं तपासली आणि हनलेला पहिलं स्थान दिलं. उंची, कोरडी हवा, अंधार.

पण सगळ्या किल्ल्या हनलेला उतरवून चालणार नाही. दक्षिण आणि मध्य भारतासाठी ठाणी लागतील, आणि एकावर ढग असतील तेव्हा दुसरं मोकळं हवं, म्हणून ती विखुरलेली लागतील. मराठवाडा पर्जन्यछायेत येतो. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत इथल्या रात्री बहुतांशी निरभ्र असतात. बालाघाटच्या पठारावर समुद्राचा दमटपणा नाही, महानगराचा उजेडही नाही. पाण्यासाठी ज्या आकाशाने या भागाला रडवलं, त्याच आकाशाचा हा एक गुण आहे. ठाण्यासाठी जागा शोधताना बालाघाटचीही मोजमापं व्हायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

औंढ्याचा चार किलोमीटरचा लेसर

जळकोटच्या उत्तरेला हवाई अंतराने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेला केंद्राने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केले. क्वांटम मिशनची मंजुरीही त्याच महिन्यातली. हा संदेशवहनाचा प्रकल्प नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण तिथे चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्यांतून लेसर धावेल, आणि अमेरिकेतल्या तिच्या भावंडांमध्ये फोटॉनचा क्वांटम गोंगाट दाबण्यासाठी 2019 पासून खास घडवलेला क्वांटम प्रकाश वापरला जातो. आरसे, लेसर, प्रकाश टिपणारे संवेदनशील शोधक ही विद्या उपग्रह ठाण्यालाही लागते. ती शिकलेली माणसं मराठवाड्यात राहतील अशी नोकरी पहिल्यांदाच इथे तयार होते आहे.

सगळ्यांना पटलेलं नाही

अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था संवेदनशील कामासाठी क्वांटम किल्लीची शिफारस करत नाही. खर्च जास्त, खास यंत्रं हवीत, मधल्या ठाण्यांवर विश्वास ठेवावा लागतो, असे तिचे आक्षेप आहेत. त्याऐवजी क्वांटम संगणकालाही न सुटणारी नवी गणितं वापरा, असं तिचं म्हणणं. अशा तीन पद्धतींची मानकं ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेत जाहीरही झाली.

जळकोटच्या तहसीलला किंवा पतसंस्थेला पहिली मदत या नव्या गणिताचीच होईल, कारण ते सॉफ्टवेअर बदलून येतं. उपग्रहाची किल्ली आधी संरक्षण, रिझर्व्ह बँक आणि वीजजाळ्याच्या वाट्याला जाईल. दोन्ही हवं. गणित आज स्वस्त आहे, पण ते कधीतरी सुटणारच नाही याची लेखी हमी कोणी देत नाही. फोटॉनच्या नियमाला अशी मुदत नाही.

शिक्षकांना एक विनंती

14 एप्रिल हा जागतिक क्वांटम दिन. प्लांकच्या स्थिरांकाचे (इलेक्ट्रॉन-व्होल्ट सेकंद या एककात) पहिले तीन अंक जवळच्या आकड्यात 4.14, म्हणून चौथ्या महिन्याची चौदावी तारीख. 2022 पासून तो जगभर पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती असते, आणि शाळा-महाविद्यालयांत मुलं जमलेली असतात.

लातूर-नांदेडची मुलं भौतिकशास्त्राचे हजारो प्रश्न सोडवतात, बहुतेक डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी. त्यांना या निमित्ताने एक प्रयोग हातात द्या. जुन्या, बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक फिल्म काढा, किंवा प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानातून तीन तुकडे आणा. दोन तुकडे एकमेकांना काटकोनात धरले की प्रकाश पूर्ण अडतो. आता त्या दोघांच्या मध्ये तिसरा तुकडा पंचेचाळीस अंशांत तिरपा घाला. अडथळा वाढवला, तरी प्रकाश पलीकडे दिसू लागतो. मधल्या तुकड्याने फोटॉनची स्थितीच बदललेली असते. चोराने चुकीच्या चाळणीतून फोटॉन पाहिला तर किल्लीत चुका का उमटतात, ते पाचवीतल्या मुलालाही इथे डोळ्यांनी दिसतं. खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या आत. येत्या 14 एप्रिलला आपल्या शाळेत हा प्रयोग नक्की करा.